चीजची भोकं, घावनाची जाळी आणि औषधाच्या चुका

रुग्णसुरक्षेवरचं कुठलंही ट्रेनिंग असो, त्यात एक स्लाइड हमखास असते. भोकं असलेल्या चीजचे चार-पाच काप एकामागे एक उभे, आणि सगळ्या भोकांतून आरपार गेलेला एक बाण. खाली लिहिलेलं असतं, ‘स्विस चीज मॉडेल’. शिकवणारे सांगतात की चूक एकट्या माणसाची नसते, यंत्रणेची असते. सगळे माना डोलावतात, चहा होतो. आणि पुढे कधी वॉर्डात चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं, की पहिला कागद निघतो तो ड्युटीवरच्या सिस्टरच्या नावाचा मेमो!

ही स्लाइड ज्या लेखामुळे डॉक्टर-नर्स मंडळींपर्यंत पोचली, तो मूळ लेख आज आपण वाचणार आहोत. लेखक जेम्स रीझन, मँचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. लेख आला ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या १८ मार्च २००० च्या अंकात. मानवी चुका आणि त्यांचं व्यवस्थापन हा विषय, आणि लांबी फक्त तीन पानं. माझं मत आधीच सांगते. हा लेख आजही वाचण्यासारखा आहे, पण आपल्याकडच्या हॉस्पिटलांना तो जसाच्या तसा लावला तर दोन ठिकाणी तोकडा पडतो. आणि त्यातला जो भाग सगळ्यात अवघड, तोच आपण स्लाइडमधून गाळून टाकलाय.

लेखात आहे तरी काय?

रीझन म्हणतात, चुकीकडे बघायच्या दोन पद्धती आहेत. पहिली माणसाकडे बोट दाखवणारी: विसरला, बेफिकीर होता, लक्ष नव्हतं. मग उपायही तसेच, म्हणजे भिंतीवर पोस्टर, नवं परिपत्रक, कारवाई, पुन्हा ट्रेनिंग. दुसरी पद्धत यंत्रणेकडे बघते. माणूस चुकणारच हे ती गृहीत धरते आणि विचारते, की चूक झाल्यावर ती अडवायला वाटेत काय काय होतं, आणि ते का अडलं नाही?

चीजचा काप म्हणजे असा एकेक अडथळा. डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन, फार्मासिस्टची तपासणी, सिस्टरची खात्री, बाटलीवरचं लेबल. प्रत्येकात भोकं आहेत. आपल्याकडे स्विस चीज कोण रोज खातं? त्यापेक्षा घावन डोळ्यांसमोर आणा. तव्यावर प्रत्येक घावनाला जाळी पडते, पण ताटात पाच घावनं एकावर एक ठेवली तर वरून बघून ताटाचा तळ दिसत नाही. ज्या दिवशी सगळ्यांची भोकं नेमकी एका रेषेत येतात, त्या दिवशी रुग्णाला इजा होते.

भोकं दोन कारणांनी पडतात. एक म्हणजे समोर घडणारी कृती: चुकीची बाटली उचलली, दशांश चिन्ह चुकलं. दुसरं म्हणजे आधीपासून दबा धरून बसलेली परिस्थिती: माणसं कमी, वेळ कमी, दोन औषधांची पॅकिंग सारखी. रीझन इथे डासांचं उदाहरण देतात. समोर आलेले डास एकेक करून मारता येतात, पण ते येतच राहतात. खरा उपाय ते जिथे पैदा होतात ती दलदल बुजवण्याचा. आमच्या किनाऱ्यावर, खाडीकाठी राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

या माणसाची स्वतःची एक प्रसिद्ध चूक आहे. एकीकडे चहाचं पाणी उकळतंय, दुसरीकडे मांजर ओरडतंय. त्यांनी मांजराचं खाणं चमच्याने काढलं आणि चहाच्या किटलीत टाकलं. हात सवयीने काम करतात, दोन कामं एकाच वेळी चाललेली असतात, दोन भांडी शेजारी असतात. मोठ्या अभ्यासाची सुरुवात या एवढ्याशा गोष्टीतून झाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढची घटना जवळजवळ तशीच आहे.

यवतमाळची बाटली

३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. उलटी, अस्वस्थपणा अशी लक्षणं दिसल्यावर मुलांना यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात दाखल केलं. सुदैवाने सगळी बरी झाली. जिल्हा परिषदेने जाहीर केलं, की डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि आशा अशा तिघांवर निलंबनाची कारवाई होणार.

तेव्हा बातमी वाचून तुम्हीही म्हणाला असाल, ‘सॅनिटायझर? एवढंही कळत नाही?’ ही अगदी स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, आणि रीझन ज्याला पहिली पद्धत म्हणतात ती हीच. आता दुसऱ्या पद्धतीने बघू.

ही मोहीम आधी १७ जानेवारीला ठरली होती. १६ जानेवारीला देशभर कोविड लसीकरण सुरू झालं, म्हणून ती ३१ तारखेवर ढकलली. म्हणजे तीच माणसं, तीच आरोग्य केंद्रं, आणि एका वर्षाच्या साथीनंतर त्यांच्यावर दोन मोहिमा. सॅनिटायझरची बाटली हे आणखी एक भोक. २०२० च्या आधी पोलिओ बूथच्या टेबलावर ती वस्तू नव्हतीच. कोविडच्या नियमांनी ती तिथे आणली, सुरक्षेसाठीच आणली. एका धोक्यापासून वाचवायला आणलेली वस्तू दुसऱ्या धोक्याचं साधन झाली.

आता अडथळे बघा. पोलिओच्या कुपीवर एक छोटं वर्तुळ असतं, त्यात एक चौकोन. लस उष्णतेने खराब होत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी फेकून द्यायची. हा फार हुशार अडथळा आहे. ‘थंडीत ठेवा’ अशी सूचना देऊन तो थांबत नाही, लस खराब झाली हे कुपीच सांगते. थेंब पाजण्याआधी दरवेळी तो चौकोन बघायचा, हा नियम आहे. सॅनिटायझरच्या बाटलीवर चौकोन नसतो. म्हणजे अडथळा होता, पण त्या दिवशी तो वापरला गेला नाही. तपासणीत विचारायला हवं ते हे: चौकोन बघायची पायरी रोजच्या गर्दीत किती बूथवर खरंच होते? की ती फक्त ट्रेनिंगच्या दिवशी होते?

निलंबनाने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, उलट ते लपतं. शेजारच्या तालुक्यातल्या ज्या आशाताईने एखाद्या वर्षी चुकीची बाटली उचलून शेवटच्या क्षणी परत ठेवली असेल, ती ते आता कुणालाच सांगणार नाही. आणि तिचं ते सांगणंच सगळ्यात मोलाचं होतं, कारण तिच्या बाबतीत कुणाला इजा न होता भोक दिसलं होतं.

रीझन याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त भर देतात. चुका आणि थोडक्यात टळलेल्या चुका मोकळेपणाने सांगता येत नसतील, तर सापळा कुठे आहे हे कधीच कळत नाही. चेर्नोबिलच्या अपघातामागे सोव्हिएत व्यवस्थेत अशी सांगण्याची सवयच नसणं हे मोठं कारण होतं, असं ते लिहितात. स्लाइडवर चीज येतं, बाण येतो, पण हे वाक्य येत नाही. कारण चित्र दाखवायला काही लागत नाही, आणि ही सवय लावायला वरिष्ठांना स्वतःचे काही अधिकार सोडावे लागतात.

भोकं पडतात, की पाडली जातात?

इथवर मी रीझन यांच्या बाजूने आहे. आता पहिली तक्रार.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, त्याने मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध बरोबर, सिस्टरने दिलेली बाटली बरोबर, रुग्णही बरोबर. बाटलीच्या आतला पदार्थ तेवढा चुकीचा. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. खरेदी, पुरवठा, अन्न व औषध प्रशासन, रुग्णालयाचं प्रशासन यांतला एकेक थर उलगडत ती चौकशी थेट तत्कालीन मंत्र्यांपर्यंत पोचली.

हे वाचून चीजचं चित्र आठवतंच: एवढे थर, आणि सगळ्यांत एका रेषेत भोकं. पण लेंटिन अहवालातली भोकं आपोआप पडलेली नव्हती. कुणीतरी नियम वाकवले, कुणीतरी कुणाला पाठीशी घातलं, कुणाचा तरी त्यात फायदा होता. रीझन यांच्या लेखातली माणसं प्रामाणिक आहेत. ती थकतात, विसरतात, गोंधळतात. तिथे लबाडीला जागाच नाही. ब्रिटनमधल्या एखाद्या वॉर्डासाठी हे गृहीतक चालून जाईल. पण आपल्याकडे औषधखरेदीची निविदा हासुद्धा चीजचा एक काप आहे, आणि त्याला ड्रिल मारणारे असतात.

म्हणून ‘माणसाला दोष देऊ नका’ हे वाक्य कुणासाठी आहे ते नीट ठरवायला हवं. रात्रपाळीत ४० रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टरसाठी ते आहे. घटिया माल पास करणाऱ्यासाठी ते अजिबात नाही. आपण मात्र नेमकं उलटं करतो. खालच्याला नावानिशी मेमो, आणि वरच्यापाशी पोचलो की एकदम ‘सिस्टिम फेल्युअर’. लेंटिन अहवाल आणि रीझन यांचा लेख हे एकत्र वाचायला हवेत असं मला वाटतं ते याचसाठी. एक सांगतो चुकणाऱ्याला वाचवा, दुसरा सांगतो भोक पाडणाऱ्याला सोडू नका.

तारापूरकडून काय घ्यायचं?

दुसरी तक्रार समजायला आमच्या घिवलीला यायला लागेल. गावाला लागूनच तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून चालू झाल्या, पुढच्या दोन २००५-०६ मध्ये आल्या. रीझन आपल्या लेखात ज्यांचा आदर्श ठेवतात त्या तीन प्रकारच्या संस्था म्हणजे अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौका, हवाई वाहतूक नियंत्रण आणि अणुऊर्जा केंद्रं. काम प्रचंड धोक्याचं, पण अपघात कमी. का? कारण तिथली माणसं रोज गृहीत धरतात की आज चूक होणार आहे, आणि ती ओळखून सावरायचा सराव करतात. वैद्यकाने यातलं काही उचलावं, असं रीझन सुचवतात.

काही गोष्टी खरंच उचलण्यासारख्या आहेत. अणुऊर्जा केंद्रांत तोंडी सूचना ऐकणारा ती परत म्हणून दाखवतो, आणि सांगणारा ‘बरोबर’ म्हणतो, मगच हात हलतो. फोनवर डॉक्टरांनी सांगितलेला डोस लिहून घेताना सिस्टरने हेच करावं, याला एक रुपया खर्च नाही. दुसरं म्हणजे लहानसहान घटनांचीही नोंद. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर १ ते ७ पातळ्या आहेत, आणि त्यांच्याखाली शून्यसुद्धा आहे. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्व नसलेल्या घटनेलाही तिथे एक जागा आहे! आपल्या किती हॉस्पिटलांत ‘काहीच झालं नाही, पण होणार होतं’ लिहायला एखादी वही आहे?

पण तुलना इथे संपते, आणि रीझन इथे पुरेसे थांबत नाहीत. कंट्रोल रूममध्ये एका पाळीत किमान किती लायसन्सधारक माणसं हवीत हे ठरलेलं असतं, ती नसतील तर अणुभट्टी चालवायची नाही. वॉर्ड असा बंद करता येत नाही. दोनऐवजी एकच सिस्टर आली म्हणून ‘आज बाळंतपणं होणार नाहीत’ असा फलक लावता येईल? शिवाय अणुभट्टीत चूक झाली तर ऑपरेटर स्वतः तिथेच उभा असतो. हॉस्पिटलात इजा होते ती दुसऱ्याला, आणि तो बहुतेक वेळा बोलायच्या स्थितीत नसतो.

हा फरक आकड्यांतही दिसतो. सिडनीच्या दोन रुग्णालयांत योहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी ९८ नर्सेसना औषधं देताना प्रत्यक्ष पाहिलं, एकूण ४,२७१ वेळा. निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले: औषध देताना मध्येच कुणी थांबवलं, की दर व्यत्ययामागे प्रक्रियेतल्या चुका आणि औषधाच्या चुका दोन्ही सुमारे १२ टक्क्यांनी वाढतात. आता आपला जनरल वॉर्ड आठवा. एक सिस्टर, हातात ट्रे, आणि दर मिनिटाला ‘सिस्टर, सलाईन संपलं’. यातला प्रत्येक नातेवाईक बरोबर आहे. आणि प्रत्येक हाक एक भोक आहे. ते बुजवायला पोस्टर कामाचं नाही, दुसरी सिस्टर लागते.

टिकणारे उपाय

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी पाच ‘योग्य’ पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. यात चूक काही नाही. पण ही पाचही उद्दिष्टं आहेत, ती गाठायची कशी हे त्यात नाही. ‘योग्य औषध द्या’ म्हणणं म्हणजे ‘अपघात करू नका’ म्हणणं.

टिकतात ते उपाय वेगळ्या जातीचे असतात. तीव्र पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल थेट शिरेत गेली तर हृदय बंद पडू शकतं, आणि दिसायला ती डिस्टिल्ड वॉटरसारखी असू शकते. ‘काळजीपूर्वक वाचा’ हा कच्चा उपाय. पक्का उपाय म्हणजे ती वॉर्डाच्या ट्रॉलीवर ठेवायचीच नाही. जे हाताशी नाही ते चुकून उचललं जात नाही. बारकोडचंही तसंच. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या अभ्यासात (एरिक पून आणि सहकारी, २०१०) रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा आणि औषध दोन्ही स्कॅन करायला लागल्यावर, वेळेच्या चुका वगळता औषध देण्यातल्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या.

पण कॉम्प्युटर आणला की झालं, असंही नाही. १९९८ मध्ये डेव्हिड बेट्स यांच्या गटाने दाखवलं की औषधाची ऑर्डर कॉम्प्युटरवर घेतल्याने गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या. सातच वर्षांनी रॉस कॉपेल यांच्या गटाने अशाच एका सिस्टिममुळे नव्याने होणाऱ्या चुकांचे २२ प्रकार मांडले. नवा काप आणला की तो आपली नवी भोकं घेऊनच येतो. यवतमाळच्या सॅनिटायझरने तरी दुसरं काय केलं?

घिवलीसाठी एक परीक्षा

मॉडेल खरंच समजलंय का हे बघायचं असेल, तर अपघात व्हायच्या आधी ते लावून बघायचं. अणुऊर्जा केंद्राजवळच्या गावांसाठी आणीबाणीत एक औषध महत्त्वाचं असतं: पोटॅशियम आयोडाइड. किरणोत्सारी आयोडीन हवेत आलंच, तर ही गोळी थायरॉइड आधीच साध्या आयोडीनने भरून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मात्रा अशी: मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, एक महिना ते ३ वर्षं ३२, आणि महिन्याच्या आतल्या बाळाला १६. वेळही महत्त्वाची. संपर्क येण्याच्या थोडं आधी किंवा नंतर दोनेक तासांत घेतली तर उत्तम, एक दिवस उलटून गेल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त.

आता चीजचे काप लावा. रात्रीची वेळ, घाबरलेली गर्दी, हातात १३० मिलिग्रॅमच्या गोळ्यांचं पाकीट. मोठ्याला एक, मुलाला अर्धी, लहानग्याला पाव. आणि आठ दिवसांच्या बाळाला? एक अष्टमांश. अंधारात गोळीचे आठ भाग कोण करणार? तर आशाताई. त्यात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी मेमो कुणाला निघेल, हे तुम्ही ओळखलं असेल.

हा प्रश्न आज सोडवता येतो. वयोगटाप्रमाणे आधीच मोजून भरलेली, वेगवेगळ्या रंगांची, वर मोठ्या मराठी अक्षरांत वय लिहिलेली पाकिटं. बाळांसाठी वेगळी तयार मात्रा. वाटायच्या सरावात एकदा दिवे बंद करून सराव. आणि सरावात कोण कुठे अडखळलं हे त्याच संध्याकाळी, कुणाचंही नाव न लिहिता, वहीत.

तुमच्या ओळखीत कुणी हॉस्पिटलात काम करत असेल, तर त्यांना एवढंच विचारा: तुमच्याकडे शेवटची ‘थोडक्यात टळलेली’ चूक कधी नोंदवली गेली, आणि त्यानंतर नेमकी कोणती वस्तू जागची हलली? ‘आमच्याकडे चुका होत नाहीत’ असं उत्तर आलं, तर तिथे औषध घेण्याआधी बाटलीवरचं नाव तुम्हीही वाचा.